गळती नसलेल्या भिंतीवरची बुरशी : कपाटामागच्या ओलीचा प्रकरण अभ्यास

मुंबई-ठाणे पट्ट्यात पावसाळ्यात घरात बुरशी दिसली की पहिला संशय बाहेरच्या भिंतीवर जातो. पुष्कळदा तो खराही ठरतो. या प्रकरणात तो खोटा होता. त्या एका अंदाजापायी बाहेरून वॉटरप्रूफिंग झालं, आतून बुरशीरोधक रंग लागला, आणि पुढच्या जुलैत बुरशी त्याच जागी, त्याच आकारात परत आली.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. किनाऱ्यालगतच्या शहरांत अशी मांडणी इमारतीगणिक सापडते. तापमान आणि आर्द्रतेचे आकडे बाष्पदाबाच्या नेहमीच्या तक्त्यांवरून काढलेले आहेत, त्यामुळे कुणालाही आपल्या घरातली मापं घालून ते पुन्हा मांडता येतील.

घर आणि तक्रार

ठाण्यात आठव्या मजल्यावरची दोन बेडरूमची सदनिका. भिंती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या, बांधकामावर ज्याला सगळे ‘मायवान’ म्हणतात. दोन खोल्यांमधली भिंतही विटांची नाही, १५० मिमी काँक्रीटचीच. एका खोलीत नवरा-बायको झोपतात. तिथला एसी रात्री दहा ते सकाळी सहा, २४ अंशांवर चालतो. शेजारच्या खोलीत आजी आणि नात. आजींना एसीचा गारठा सोसत नाही, म्हणून तिथे फक्त पंखा. मधल्या भिंतीला आजींच्या बाजूने एक लाकडी कपाट टेकलेलं: ७ फूट उंच, ६ फूट रुंद, २२ इंच खोल, पाठीला ६ मिमी प्लाय. कपाटाला पाय नाहीत, बैठक थेट फरशीवर. वर बुटांचे आणि भांड्यांचे पुठ्ठ्याचे खोके रचलेले. जून ते सप्टेंबर याच खोलीत दोरीवर कपडे वाळत असतात.

ऑगस्टमध्ये आधी चामड्याच्या पट्ट्यावर आणि पर्सवर पांढरट भुरी आली. मग तळाच्या फळीवरच्या स्टार्च केलेल्या सुती साड्यांच्या घडीवर पिवळसर ठिपके दिसले. कपाट ओढल्यावर पाठीचा प्लाय करड्या बुरशीने भरलेला, आणि मागच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांचा मोठा डाग. कुबट वास मात्र महिनाभर आधीपासून येत होता. नाक डोळ्यांच्या आधी सांगतं, आणि त्याकडे दुर्लक्ष होतं.

पहिला उपाय का फसला

खोलीची पश्चिमेची भिंत बाहेरची, पावसाचा मारा घेणारी. त्यामुळे पाणी तिथून झिरपून मधल्या भिंतीत उतरतंय असं ठरलं. पण डागाकडे नीट पाहिलं असतं तर उलट खुणा समोरच होत्या.

गळतीच्या डागाला कड असते. पाणी क्षार घेऊन पुढे सरकतं आणि जिथे वाळतं तिथे तपकिरी-पिवळी रेघ सोडतं. रंगाला फोड येतात, प्लास्टर पोकळ वाजतं, भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, लागतो. इथे यातलं काहीच नव्हतं. डागाची सीमा कपाटाच्या सीमेशी जुळत होती: कपाट संपलं की डागही संपत होता. मोठ्या सरीनंतर एक-दोन दिवसांत डाग वाढला असंही नव्हतं. तो पावसाची झड कितीही कमी-जास्त झाली तरी सावकाश, एकसारखा पसरत होता. शिवाय पश्चिमेच्या भिंतीचा कोपरा, जिथून पाणी यायला हवं, तो स्वच्छ होता.

लोणा आणि बुरशी यांत गल्लत होते, म्हणून हे करून पाहावं. पांढऱ्या भुकटीवर दोन थेंब पाणी टाका. लोणा विरघळून दिसेनासा होतो, बोटाला खरखरीत लागतो आणि त्याला वास नसतो. बुरशी विरघळत नाही. पुसली की पसरते आणि मागे कुबट वास ठेवते.

बुरशीरोधक रंगाबद्दल दोन शब्द. त्यातलं औषध रंगाच्या थरात असतं. रंगावर बसलेली धूळ, कपड्यांचे तंतू, त्वचेचा भुसा हे सगळं त्या थराच्या वर असतं, आणि बुरशीला खायला तेवढं पुरतं. ओल कायम राहिली तर औषध हळूहळू धुपतंही. कारण दूर न करता लावलेला रंग एखादा हंगाम निभावतो.

तपासणी

लागणारं साहित्य थोडं आहे: तीन डिजिटल आर्द्रतामापक, एक इन्फ्रारेड तापमापक (बंदुकीसारखा येतो तो), लाकडासाठी दोन टोच्यांचं ओलावामापक, जाड पारदर्शक प्लास्टिक आणि चिकटपट्टी.

स्वस्त आर्द्रतामापकांचे आकडे एकमेकांपासून पाच-सात टक्क्यांनी सहज फरक दाखवतात, म्हणून आधी त्यांची परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ भरून त्यात जेमतेम ओलं होईल इतकंच पाणी घाला. मीठ विरघळून जायला नको. झाकण आणि तिन्ही मापकं एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. ज्या मापकावर ७९ दिसेल त्याच्या प्रत्येक आकड्यातून पुढे ४ वजा करायचे. हे टाळून घेतलेल्या नोंदी म्हणजे वाया घालवलेला आठवडा.

मग एक मापक खोलीच्या मध्यभागी, एक कपाटात तळाच्या फळीवर, एक कपाटामागच्या फटीत. आठवडाभर सकाळी सहा वाजता, एसी बंद व्हायच्या आधी, आणि संध्याकाळी सहा वाजता नोंद. त्याच वेळी इन्फ्रारेड तापमापकाने उघड्या भिंतीचं आणि कपाटामागच्या भिंतीचं तापमान. हे यंत्र दोन अंशांपर्यंत चुकू शकतं, त्यामुळे नुसत्या आकड्यापेक्षा दोन जागांमधला फरक महत्त्वाचा. चकचकीत सनमायका किंवा पत्र्यावर ते फसवतं. तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा.

प्लास्टिकची चाचणी अशी: कपाट सरकवून भिंतीवर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांनी हवाबंद चिकटवायचं, कपाट पुन्हा जागी लावायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. पाणी प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ते भिंतीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या हवेतून. इथे आतली बाजू कोरडी राहिली आणि पहाटे बाहेरची बाजू ओलसर झाली. पलीकडचा एसी नेहमीसारखा चालू ठेवूनच ही चाचणी करायची. एसी बंद ठेवला तर काहीच दिसत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

ओलावामापकाचे टोचे पाठीच्या प्लायमध्ये रोवल्यावर २० टक्क्यांच्या पुढचा आकडा, पुढच्या दाराच्या आतल्या कडेला १५-१६. त्या हवेत लाकूड १६ टक्क्यांच्या आसपास असणारच. पाठ मात्र तेवढ्यावर थांबली नव्हती.

पाणी आलं कुठून

पावसाळ्यातल्या दुपारी फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर बाहेरून पाणी जमतं, भिंतीवर त्याच्या अगदी जवळची गोष्ट घडत होती. दव क्वचितच धरत होतं, आणि धरलं तरी इतकं थोडं की ओघळ दिसत नव्हता.

आजींच्या खोलीतली हवा रात्री २८.५ अंश आणि ८० टक्के आर्द्र. अशा एका घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम पाण्याची वाफ असते, आणि तिचा दवबिंदू २४.७ अंश. म्हणजे जी वस्तू याहून थंड होईल तिच्यावर सरळ पाणी धरणार. पण बुरशीला दव पडायचीही गरज नसते. एखाद्या पृष्ठभागाला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आठवडा-दोन आठवडे राहिली, की घरातल्या बहुतेक बुरश्यांना रुजायला तेवढं पुरतं. चामड्यावर येणाऱ्या काही अॅस्परजिलस जातींना तर ७५ टक्क्यांच्या आसपासही चालतं. तापमान २० ते ३० अंश, खायला सेल्युलोज, खळ, सरस किंवा नुसती धूळ. बीजाणू हवेत असतातच, ते घालवता येत नाहीत. हातात राहतं ते फक्त पाणी.

भिंतीच्या पलीकडे २४ अंश, अलीकडे २८.५. काँक्रीट उष्णता चटकन जाऊ देतं. उघड्या भिंतीवर खोलीतली हवा फिरत असल्याने तिचा पृष्ठभाग २६.८ अंशांपर्यंतच उतरतो. तिथली आर्द्रता ८८ टक्के. कपाटामागे गोष्ट बिघडते. कपड्यांनी भरलेलं लाकडी कपाट खोलीतली ऊब भिंतीपर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे मागची भिंत पलीकडच्या एसीच्या बाजूला झुकते आणि २५.२ अंशांपर्यंत थंड होते. वाफेला मात्र कपाट अडवत नाही. ती फटीतून, प्लायमधून, तळाच्या सांदीतून आत शिरते. आर्द्रता ९७ टक्के. कपाट भिंतीला गार ठेवतं आणि वारा लागू देत नाही, पण ओल येऊ देतं: तिन्ही गोष्टी बुरशीच्या बाजूच्या.

हे आकडे एसी अखंड चालला तर येणारे. प्रत्यक्षात तो आठ तास चालतो आणि जाड भिंतीला थंड व्हायला काही तास लागतात, म्हणून रात्रीच्या पहिल्या प्रहरात परिस्थिती बरी असते आणि पहाटे सर्वांत वाईट. पण कपाटामागची भिंत सकाळी लवकर तापतही नाही. उघडी भिंत नऊ-दहापर्यंत सावरते, झाकलेली दुपारपर्यंत गार राहते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली तर सहसा बुरशी धरत नाही. इथे वाळायला वेळच मिळत नव्हता, रोज रात्री नवी ओल येत होती.

भिंत विटांची असती तर त्रास कमी झाला असता, हलक्या एएसी ब्लॉकची (आत हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटची) असती तर आणखी कमी. एएसी ब्लॉक काँक्रीटपेक्षा उष्णता कितीतरी कमी वाहतो. जुन्या घरात हेच कपाट अशाच मधल्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षं नीट राहिलं आणि नव्या घरात एका पावसाळ्यात खराब झालं, तर सुताराला दोष देण्याआधी भिंत कशाची आहे ते बघावं.

खोलीतली ओल कोण वाढवत होतं

खोली ३ मीटर बाय ३.५ मीटर, उंची पावणेतीन. म्हणजे सुमारे २९ घनमीटर हवा. तिच्यातली आर्द्रता ८० वरून ६० टक्क्यांवर आणायची तर हवेतून जेमतेम १६० ग्रॅम पाणी काढायचं असतं. एक कप. आणि मशीनमधून पिळून काढलेल्या एका धुण्यात दोन लिटरच्या आसपास पाणी शिल्लक असतं, जे दोरीवरून सगळं याच हवेत जातं. दोन माणसं झोपेत प्रत्येकी ताशी ४० ग्रॅमच्या हिशेबाने रात्रभरात अर्धा लिटरहून अधिक भर घालतात. भिंती, गाद्या, कपडे यांतही पाणी साठलेलं असतंच, त्यामुळे एक कप काढून भागत नाही. पण वाळत घातलेलं धुणं हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत सहज टाळता येण्याजोगा स्रोत होता.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘हवा खेळती ठेवा’. जुलैच्या ठाण्यात तो फारसा उपयोगी नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. बाहेरची हवा २७ अंश आणि ८८ टक्के असेल तर तिच्यातही घनमीटरला २२-२३ ग्रॅम वाफ आहे, म्हणजे आतल्याइतकीच. खिडकी उघडून वास कमी होतो, ओल कमी होत नाही. डिसेंबरात २२ अंश, ५५ टक्क्यांच्या हवेत फक्त ११ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. तेव्हा खिडकी उघडली की घर खरोखर सुकतं. हवा खेळती ठेवायची ती कपाटाच्या मागे, बारा महिने. खिडकी मात्र हंगाम बघून उघडायची.

कोणती वस्तू आधी का गेली

पाठीचा प्लाय सर्वांत आधी. पुढून त्याला ०.८ मिमी सनमायका होता, मागून काहीच नाही, आणि कापलेल्या कडा उघड्या. लाकडाची उघडी कड पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढते. ‘पण मरीन प्लाय घेतला होता’ हे वाक्य अशा घरांत नेहमी ऐकू येतं. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) च्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून पाहतात ते त्याचा चिकटवलेला थर सुटतो का, यासाठी. प्लाय सुटणार नाही, फुगणार नाही, पण त्याच्यावर बसलेल्या धुळीवर बुरशी येणारच नाही अशी हमी त्यात नाही. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असता तर फुगून गेलाही असता.

चामडं लवकर जातं कारण कमावताना त्याला तेलं-चरबी दिलेली असते, वर हाताचा घाम लागलेला असतो, आणि पर्सच्या आत आकार राखायला पुठ्ठा असतो. पांढरी भुरी पुसल्यावर आठवड्यात परत येते ती बहुधा त्या पुठ्ठ्यातून. सुती साड्यांचं कारण खळ. स्टार्च म्हणजे बुरशीचं तयार जेवण; धुऊन, खळ न घालता ठेवलेल्या साड्या त्याच फळीवर स्वच्छ निघाल्या. पॉलिस्टरला काही झालं नाही.

फळ्यांवर वर्तमानपत्रं अंथरलेली होती. ही सवय सोडावी असं आमचं ठाम मत आहे. सादळलेला कागद खालच्या फळीला आणि वरच्या कपड्याला दोन्हीकडे ओल लावतो, स्वतः अन्न होतो, आणि खाली वाढणारी बुरशी झाकून ठेवतो. लोखंडी कपाटातही बुरशी येते ती याच कागदामुळे आणि धुळीमुळे, लोखंडामुळे नव्हे.

डांबराच्या गोळ्या कपाटात भरपूर होत्या. त्या कसरीसाठी असतात. ओल शोषत नाहीत, बुरशी अडवत नाहीत. फक्त त्यांच्या उग्र वासात कुबट वास लपतो आणि इशारा उशिरा कळतो.

बुरशीची नेमकी जात प्रयोगशाळेतून ठरवून घेण्याची गरज नव्हती. भिंतीवरचे काळे ठिपके बहुधा क्लॅडोस्पोरियमसारख्या नेहमीच्या बुरशीचे. सतत भिजलेल्या पुठ्ठ्यावर येणारी स्टॅकिबोट्रिस इथे संभवत नाही. पण साफसफाई दोन्हींची सारखीच. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या काळात भिंतीवरचा प्रत्येक काळा ठिपका ‘तीच काळी बुरशी’ वाटायचा. रंगावरून असं काही ठरत नाही. दम्याचा त्रास असलेलं माणूस, लहान मूल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेला रुग्ण यांना मात्र अशा खोलीत झोपवू नये. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांचा दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत नोंदलेलं आहे. इथे साफसफाई होईपर्यंत आजी आणि नात बाहेरच्या खोलीत झोपल्या.

साफसफाई

डाग तीन फूट बाय तीन फुटांच्या आत असेल तर घरच्या घरी काढता येतो. याहून मोठा असेल तर माणूस बोलवावा, किंवा निदान पूर्ण तयारी तरी हवी. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, बाजूने बंद असलेला चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. पंखा चालू ठेवून कोरड्या फडक्याने किंवा कुंच्याने झाडणं ही सर्वांत वाईट पद्धत: बीजाणू घरभर पसरतात.

डाग आधी पाण्याच्या फवाऱ्याने हलका ओला केला. पाठीचा प्लाय सोडवून खोलीतच जाड पिशवीत गुंडाळला आणि मगच बाहेर नेला. तो वाचवायचा प्रयत्न केला नाही. सच्छिद्र लाकडात मुळं आत गेलेली असतात आणि ६ मिमी प्लायचे दोन ताव त्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडतात. सनमायका लावलेले भाग एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर साबणपूड घालून पुसले, दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसले, आणि त्यानंतर पेडेस्टल पंखा लावून दोन दिवस उघडे ठेवले. आतल्या उघड्या लाकडी कडांना एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम टाकणखार विरघळवून त्याचे दोन हात दिले. टाकणखार पोटात जाता कामा नये, लहान मुलांपासून लांब ठेवावा.

ब्लीच वापरलं नाही. गुळगुळीत टाइलवर ते चालतं. लाकडात आणि रंगात त्याचं पाणी आत जातं आणि औषध वरच राहतं, डाग पांढरा होतो आणि बुरशी ओली राहते. बाथरूम साफ करायच्या आम्लात किंवा अमोनियात ब्लीच कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. बुरशी मेली तरी अॅलर्जी आणते, म्हणून मारण्यापेक्षा उचलून काढणं महत्त्वाचं.

सुती कपडे गरम पाण्यात धुतले. रेशमी साड्या बाहेर, मोकळ्या हवेत मऊ ब्रशने झाडून ड्रायक्लीनला दिल्या. चामड्याला सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मेनिम, घट्ट पिळलेल्या फडक्याने, आधी आतल्या बाजूला करून बघून. मग सावलीत पंख्याखाली. पूर्ण वाळेपर्यंत तेल किंवा पॉलिश नाही, कारण ते बुरशीला खाद्य होतं.

बदल आणि त्यांचा हिशेब

कपाट भिंतीपासून ७५ मिमी पुढे आलं. बैठक काढून १०० मिमीचे पीव्हीसी पाय लागले, वरचे खोके हलले. त्यामुळे खालून हवा शिरून वरून निघू लागली. खाली लाकडी पट्टी मारून फट झाकायचा मोह होतो, तसं केलं की पाय लावल्याचा उपयोग संपतो. नव्या पाठीला दोन्ही बाजूंनी सनमायका आणि चारही कडांना रंगाचे दोन हात. नुसत्या या मोकळ्या फटीने मागच्या भिंतीची आर्द्रता ९७ वरून ८८ टक्क्यांपर्यंत येते.

एसी २४ ऐवजी २६ अंशांवर, पंख्यासह. भारतात २०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ वर सुरू होतात, म्हणून बहुतेक घरांत तोच आकडा राहतो. दोन अंश वाढवल्यावर भिंत २७.६ अंशांपर्यंत उबदार राहते आणि आर्द्रता ८४ टक्के होते. अजूनही धोक्याच्या रेषेवर. इथे लक्षात येतं की थंड भिंत हे अर्धंच कारण होतं. ८० टक्क्यांच्या खोलीत कुठलीच भिंत पुरती सुरक्षित नसते.

म्हणून तिसरा बदल. धुणं बाथरूममध्ये, दार लावून, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून. मशीनला शेवटी एक जादा पिळणी. आणि आजींच्या खोलीत दिवसाला १२ लिटर क्षमतेचा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र), ६० ते ६५ टक्क्यांवर लावलेला, दारं-खिडक्या बंद करून. खिडकी उघडी ठेवून हे यंत्र चालवणं म्हणजे ठाण्याची हवा सुकवायला निघणं. त्याची टाकी लवकर भरते आणि भरली की यंत्र बंद पडतं; नळी थेट मोरीत सोडावी. यंत्र खोली एक-दोन अंश तापवतं, म्हणून ते आजी झोपण्यापूर्वी संध्याकाळी चार ते दहा चालवायचं ठरलं. खोली ६५ टक्क्यांवर राहिली तर मागच्या भिंतीवर ६९ टक्के येतात. बुरशीला तिथे वाढता येत नाही.

खर्च करायचा नसेल तर याहून सोपी वाट होती: कपाट त्याच भिंतीच्या पलीकडे, एसीच्या खोलीत नेणं. तिथून पाहता तीच भिंत खोलीपेक्षा उबदार असते आणि हवा कोरडी. सकाळी एसी बंद केल्याबरोबर खिडक्या उघडायच्या नाहीत एवढंच पथ्य, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड वस्तूंवर दव धरते. या घरात तिथे जागा नव्हती. भिंतीला एसीच्या बाजूने २५ मिमी एक्सपीएस फोमचं (थर्मोकोलसारख्या पण घट्ट फोमचं) अस्तर हाही पर्याय आहे, पण अस्तर थंड बाजूलाच हवं. आजींच्या बाजूने लावलं तर काँक्रीट आणखी गार होतं आणि अस्तराच्या मागे बुरशी येते, न दिसणारी.

चामडं, कॅमेऱ्याच्या लेन्स, जुने फोटो कपाटात परत ठेवले नाहीत. २५ लिटरच्या हवाबंद डब्यात अर्धा किलो सिलिका जेल घालून त्यात गेले, आधी पूर्ण वाळवून. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरायचं. बाजारात मिळणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे पाणी भरपूर ओढतात, पण ते पाणी म्हणजे खारट द्रव; लवंडला तर चामडं आणि साडीची जर दोन्ही जातात.

भिंतीचा रंग राहिला. गणपतीच्या आधी रंगकाम उरकायची आपल्याकडे रीत आहे, आणि रंगाऱ्यांनाही तेव्हाच कामं असतात. पण श्रावणातल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला की आतली ओल आतच राहते. इथे गणपतीत भिंत खरवडलेलीच राहिली, वर एक पडदा लावला. दसऱ्यानंतर, ओलावामापकाचा आकडा शेजारच्या कोरड्या भिंतीइतका उतरल्यावर, बुरशीनाशकाचा हात, एक दिवसाची उसंत, प्रायमर आणि रंग.

पुढची तपासणी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात करायची. जूनमधले आकडे फसवे असतात, कारण लाकूड आणि काँक्रीट तोवर उन्हाळ्यातलं कोरडेपण टिकवून असतात. पहाटे सहाला कपाटामागे मापक ७५ च्या आत आणि प्लाय १५ टक्क्यांच्या आत हवा. सलग तीन दिवस ८० च्या वर गेला तर आधी धुणं कुठे वाळतंय ते बघायचं, मग कपाटावर पुन्हा खोके चढलेत का ते, आणि शेवटी एसीचा आकडा.